नवी एअर रायफल नेम धरत नाही? परत करायच्या आधी हे वाचा

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. रायफल चांगली आहे, ५ पैकी ४ देईन. तिच्याबरोबर 'कॉम्बो सेट' म्हणून जो स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, आणि छर्ऱ्यांचा डबा दिलाय त्याला मात्र १ सुद्धा देणार नाही. आणि या वर्गातल्या रायफलींच्या रिव्ह्यूत लोक जे लिहितात ना, की नळी वाकडी आहे, १० मीटरवर पण लागत नाही, पैसे पाण्यात गेले, त्यातल्या बऱ्याच जणांची रायफल ठणठणीत असणार असं माझं स्पष्ट मत आहे. आमचीही पहिल्या आठवड्यात तशीच वाटत होती.

वस्तू कुठली ते सांगतो. भारतीय बनावटीची, .१७७ बोअर म्हणजे ४.५ मिमी, स्प्रिंगवाली ब्रेक बॅरल, म्हणजे नळी खाली मोडायची, आत स्प्रिंग दाबली जाते, एक छर्रा घालायचा, नळी बंद करायची, चाप ओढायचा. छर्ऱ्याची ऊर्जा २० जूलच्या आत असल्यामुळे लायसन्स लागत नाही, दुकानात ओळखपत्राची झेरॉक्स तेवढी घेतली. कंपनीचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण जे सांगणार आहे ते दहा ते वीस हजाराच्या जवळपास सगळ्या स्प्रिंग रायफलींना लागू पडतं, आणि एका पीसवरून कुणाला नाव ठेवणं मला पटत नाही.

रायफल भाच्याची आहे. आमच्या कोल्हापूर भागात २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळालं तेव्हापासून पोरांना नेमबाजीचं वेड लागलंय आणि ते लागायलाच पाहिजे, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत याच मातीतल्या. पण एक गोष्ट आईवडिलांनी नीट समजून घ्या. स्वप्नीलचा इव्हेंट ५० मीटर थ्री पोझिशन, ती .२२ ची बारुदाची रायफल, वेगळीच वस्तू. आणि १० मीटर एअर रायफल, ज्यात ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला कैरोमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाला, त्यातल्या रायफलींत हवा आधीच सिलेंडरमध्ये भरलेली असते, धक्का जवळजवळ नसतो, किंमत लाखात, आणि स्कोप तर चालतच नाही, पीप साइट असते, म्हणजे बारीक भोकातून बघून नेम धरायचा. त्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिलीमीटरचा आहे. आपली स्प्रिंगवाली त्या कामाची नाही. ती घरच्या शेतात, गच्चीवर, नीट बॅकस्टॉप, म्हणजे छर्रे अडवणारी आड, लावून सराव करायची, आनंद घ्यायची वस्तू आहे आणि त्या मापाने बघितलं तर ती भरपूर देते.

तर तक्रार काय होती. भाचा म्हणाला, "मामा, डिफेक्टिव्ह पीस आलाय, परत पाठवतो." १० मीटरवरून पाच छर्रे मारले की सहा-सात सेंटीमीटरमध्ये विखरायचे, एक वर, एक डावीकडे, एक कागदाच्या बाहेर, आणि त्यात कसलाच पॅटर्न नाही. त्याला म्हटलं थांब, परत पाठवायला पंधरा दिवस आहेत, आधी बघू तरी कोण गुन्हेगार आहे.

इथे एक फरक सगळ्यांनी डोक्यात ठेवा, नाहीतर स्कोपचे स्क्रू फिरवून फिरवून वैतागाल. सगळे छर्रे एकाच जागी पण टार्गेटच्या मध्याबाहेर पडत असतील तर रायफल उत्तम आहे, फक्त साइट लावायची राहिलीय, दोन मिनिटांचं काम. पण छर्रे विखुरतच असतील तर साइट फिरवून काहीही होणार नाही. आधी ग्रुप, म्हणजे छर्रे जेवढ्या घेरात पडतात तो घेर, आवळायचा, मग तो मध्यात आणायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पोरं काय करतात, छर्रे पण बदलतात, स्कोप पण घट्ट करतात, पकड पण बदलतात, आणि मग थोडं सुधारलं तर कशामुळे ते कळतच नाही.

पहिलं काम स्क्रू. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण स्प्रिंग रायफलमध्ये निम्मी भांडणं इथेच मिटतात. पुढच्या लाकडाला दोन्ही बाजूने एकेक स्क्रू असतो आणि ट्रिगर गार्डला एक-दोन. आमच्या पीसचा पुढचा डावीकडचा स्क्रू हाताने फिरत होता हो, अक्षरशः बोटाने. पिस्टन प्रत्येक वेळी आदळतो त्या हादऱ्याने नवीन रायफलचे स्क्रू सैल होतातच, आणि ते सैल झाले की यंत्र लाकडात प्रत्येक शॉटला थोडं वेगळ्या जागी बसतं. एलन कीने घट्ट केले, थेंबभर निळा थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद, लावला, निळाच घ्या, लाल लावलात तर पुढे सर्व्हिसिंगला स्क्रू निघता निघणार नाही. आणि लाकडी स्टॉक (दस्ता) असेल तर दात ओठ खाऊन आवळू नका, लाकूड दबतं. दर शंभर-दीडशे छर्ऱ्यांनी एकदा तपासायचे, सवयच लावून घ्या. ज्या बोल्टवर नळी मोडते तोही बघा, नळी बंद असताना हाताने डावी-उजवीकडे हलवून बघायची, जराही खेळ जाणवला नाही पाहिजे. आमचा तो बोल्ट ठीक होता.

मग स्कोप काढून टाकला. पूर्ण. हा माझा सगळ्यात आवडता टेस्ट आहे आणि तो फुकट आहे. रायफलला मूळची ओपन साइट, म्हणजे नळीवरची साधी माशी आणि खाच, असेल तर स्कोप बाजूला ठेवून तिच्यावर पाच छर्रे मारायचे, ग्रुप एकदम लहान झाला तर गुन्हेगार सापडला. आमचा ग्रुप सहा-सात सेंटीमीटरवरून तीनवर आला, छर्रे तेच, पोरगं तेच, जागा तीच. म्हणजे सेटमधला स्कोप निम्मं वाटोळं करत होता.

का, ते सांगतो कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. बारुदाच्या रायफलचा धक्का मागे येतो आणि संपतो. स्प्रिंग रायफलमध्ये पिस्टन पुढे सुटला की रायफल आधी मागे येते, मग पिस्टन पुढे जाऊन दाबल्या गेलेल्या हवेवर थांबतो आणि रायफल पुढे झटका खाते. दोन धक्के, उलट दिशांचे. साध्या स्कोपच्या आतल्या भिंगाची बांधणी हा पुढचा झटका सोसत नाही, आत काहीतरी सैल होतं आणि क्रॉसहेअर, म्हणजे आतली नेमाची फुली, दर शॉटला थोडी जागा बदलते, बाहेरून मात्र स्कोप चकाचक दिसतो. म्हणून स्कोप घेताना 'एअर रायफलसाठी' असं स्पष्ट लिहिलेलाच घ्यायचा. दुसरं, माउंट, म्हणजे स्कोप रायफलवर बसवायचा क्लॅम्प. आमचे दोन वेगवेगळे हलके माउंट होते आणि ते रेलवर, म्हणजे रायफलच्या पाठीवरच्या खाचेवर, मागे सरकत होते, रेलवर पेन्सिलने रेघ मारून ठेवा माउंटच्या मागच्या कडेला, दहा-वीस छर्ऱ्यांनंतर रेघ झाकली गेली की सरकतोय हे कळतं. एकसंध माउंट घ्या, खाली स्टॉप पिन असलेला, रेलवर त्या पिनसाठी भोक दिलेलं असतं त्यात ती बसली पाहिजे. तिसरं, पॅरलॅक्स. त्या सेटमधला ४ पॉवरचा बारका स्कोप लांबच्या अंतराला धरून बनवलेला असतो, १० मीटरवर डोळा जरा इकडेतिकडे झाला की क्रॉसहेअर टार्गेटवर सरकलेली दिसते. रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवून, हात न लावता, नुसतं डोकं वरखाली करून बघा, लगेच दिसेल. पुढच्या भिंगाला अंतराची रिंग असलेला, १० मीटरपर्यंत खाली येणारा स्कोप असेल तर हा त्रास जातो.

आणि ब्रेक बॅरलवाल्यांसाठी अजून एक, नळी बऱ्याचदा स्कोपच्या रेलपेक्षा किंचित खाली झुकलेली असते. हा दोष नाही, ओपन साइटला त्याचा काही फरक पडत नाही. पण स्कोप लावला की छर्रे खूप खाली पडतात, मग माणूस वरचा टरेट, म्हणजे नेम वरखाली करायची गोल चावी, फिरवत फिरवत टोकाला नेतो, आणि टोकाला नेला की आतल्या स्प्रिंगचा ताण संपतो आणि स्कोप नेम सोडतो. मागच्या रिंगखाली जुन्या फोटो फिल्मचा तुकडा घालून मागची बाजू हलकीशी उचलायची आणि टरेट मधल्या भागात ठेवायचा. आम्ही तेच केलं.

आता छर्रे, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण लोक बारा हजाराची रायफल घेतात आणि छर्ऱ्यात पन्नास रुपये वाचवतात. सेटमधला डबा पांढऱ्या कागदावर ओतला तर अर्ध्या छर्ऱ्यांचे घेर चेपलेले, काहींवर शिशाची कुसळं. छर्ऱ्याचा मागचा पोकळ घेर हवेच्या दाबाने फुलतो आणि नळीच्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, चिकटतो, तीच त्याची सील आणि तीच त्याची फिरकी. तो घेर एका बाजूने चेपलेला असेल तर नळी सोडताना हवा एकीकडून आधी निसटते आणि छर्रा तिरका ढकलला जातो. रायफल काय करणार त्यात.

वजनाचंही आहे. बॉक्सवर '१००० फूट प्रति सेकंद' असं मोठ्या अक्षरात लिहितात, पण २० जूलच्या मर्यादेत हा वेग गाठायचा तर छर्रा ०.४३ ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून हलका लागतो. तसे हलके छर्रे स्प्रिंग रायफलमध्ये बहुतेक वेळा नीट ग्रुप करत नाहीत, आणि वेग आवाजाच्या जवळ, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटरकडे जायला लागला की छर्रा डळमळतो. ०.५३ ग्रॅमच्या आसपासचा छर्रा घ्या, तो सेकंदाला २६० मीटरने गेला तरी १८ जूल होतात, आपल्याला अजून काय पाहिजे. १० मीटरच्या कागदावर सपाट डोक्याचे उत्तम, भोक गोल आणि स्वच्छ पडतं, मोजायला सोपं. २०-२५ मीटरच्या पुढे गोल डोक्याचे. हवा कापायला जातील असं वाटून टोकदार घेतात बरेच जण, मला त्यांचा ग्रुप कधीच आवडला नाही.

कुठला ब्रँड हे मी सांगून उपयोग नाही कारण प्रत्येक नळीची आवड वेगळी, हे मी रेंजवर वर्षानुवर्षं बघतोय, एकाच मॉडेलच्या शेजारी ठेवलेल्या दोन रायफलींना वेगवेगळे छर्रे आवडतात. जेएसबी, एच अँड एन, आरडब्ल्यूएस यांचे डबे महाग पडतात पण एकसारखे असतात, काही डब्यांवर डोक्याचं माप पण असतं, ४.४९, ४.५०, ४.५१ असं. क्लबमध्ये ओळखीच्यांकडून प्रत्येकी पंधरा-वीस छर्रे मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही, आणि रायफललाच विचारा. छर्रा नळीत बसताना बोटाला हलका अडसर जाणवला पाहिजे, सहज घरंगळत आत गेला तर तो लहान पडतोय. आणि ब्रँड बदलला की लगेच पहिल्या पाचवरून निकाल देऊ नका, नळीतला आधीचा शिशाचा थर बदलायला थोडे छर्रे जाऊ द्या.

छर्रे बदलले, ग्रुप दोन सेंटीमीटरच्या थोडा आत आला. राहिलं ते पकडीत होतं.

भाचा रायफल आवळून धरत होता, खांद्यात रुतवून, डाव्या हाताने लाकूड पिळून, वर गाल दाबून. जास्त घट्ट धरलं की जास्त लागेल असं सगळ्यांनाच वाटतं. पण छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच रायफल हलायला लागलेली असते, ते दोन धक्के सांगितले ना मगाशी, आणि तुम्ही ते हलणं थांबवू शकत नाही, फक्त दर वेळी एकसारखं होऊ देऊ शकता. म्हणून हलकं धरायचं. डावा तळवा उघडा, ट्रिगर गार्डच्या जरा पुढे, रायफल त्यावर नुसती टेकलेली, बोटं वळवायची नाहीत. मागे खांद्याला जेमतेम स्पर्श. उजवा हात चाप ओढण्यापुरता. याला आर्टिलरी होल्ड म्हणतात, अमेरिकेतले एअरगनवर लिहिणारे टॉम गेलॉर्ड यांनी हे लिहून लिहून जगभर पोचवलं. आणि रायफल थेट टणक वस्तूवर टेकवायची नाही, विटेवर, टेबलाच्या कडेवर, बायपॉडवर तर नाहीच, ती उडी मारते आणि छर्रा वर जातो. वाळूच्या पिशवीवर तुमचा हात, हातावर रायफल.

आणि चाप ओढल्यावर डोकं उचलू नका! भोक कुठे पडलं ते बघायची घाई असते पोरांना. मनात एक-दोन म्हणेपर्यंत साइटमधूनच बघत राहायचं. या एका गोष्टीसाठी मला त्याला सारखं सांगावं लागलं, पण ज्या संध्याकाळी त्याचं अंग सैल पडलं त्या संध्याकाळी ग्रुप एका सेंटीमीटरवर आला, ओपन साइटवर, १० मीटरवरून. कागद काढून घेऊन तो आईला दाखवायला पळाला. ही तीच रायफल जी परत जाणार होती.

बाकीच्या तपासण्या भराभर सांगतो. नळी नवीन असताना आत गंज लागू नये म्हणून ग्रीस भरलेलं असतं, ते काढा. मासे धरायची नायलॉनची दोरी दुहेरी करून मागून पुढे घालायची आणि सुती कापडाचा तुकडा ओढायचा, स्वच्छ येईपर्यंत. मात्र पिस्टनच्या बाजूला, हवेच्या भोकात तेल जाऊ देऊ नका. ते दाबाने पेटतं, धूर येतो, मोठा आवाज होतो आणि वेग दर शॉटला वेगळा. नवीन रायफलमध्ये फॅक्टरीचं तेल असतं म्हणून सुरुवातीला असा धूर आणि जळका वास येतोच, दोनेकशे छर्ऱ्यांत कमी होतो, तोपर्यंत रायफलबद्दल मत बनवू नका. त्यानंतरही प्रत्येक शॉटला धडाका येत असेल तर मग सर्व्हिस सेंटर.

नळी जिथे बंद होते तिथे एक ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी गोल रिंग, असते. जोडावर टिश्यू पेपरची पट्टी टाकायची, छर्रा घालून सुरक्षित दिशेला मारायचं, पट्टी उडाली तर हवा निसटतेय. आमची हलकी उडाली होती. कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांना फोन केला, बाई नीट बोलल्या, मॉडेल विचारलं आणि दोन रिंगा कुरियरने फुकट पाठवल्या, हे मला मनापासून आवडलं आणि म्हणूनच त्या पाचातला एक स्टार त्यांचा. नळीचं तोंड तपासायला कानात घालायची कापसाची काडी घ्या, आतून बाहेर कडेवर फिरवा, कापूस अडकला तर तिथे कुसळ आहे आणि तो खरा फॅक्टरीचा दोष. तोंडावर प्लास्टिकचं जाड टोपण असेल तर त्याच्या भोकाच्या कडेला शिशाची काळी रेघ आहे का बघा, असेल तर छर्रा जाताना घासतोय. हे दोन्ही, किंवा नळीत खेळ, किंवा चांगले छर्रे, स्कोप काढून, स्क्रू घट्ट करून, हलक्या हाताने मारूनही १० मीटरवर तीन-चार सेंटीमीटरच्या आत येत नसेल तर खुशाल परत पाठवा, टार्गेटचे कागद फोटो काढून सोबत जोडा, मग दुकानदार पण मुकाट ऐकतो.

एक स्टार कापला तो माहितीपुस्तकासाठी. त्यात कॉक कसं करायचं, म्हणजे नळी मोडून स्प्रिंग कशी दाबायची, याचं चित्र आहे आणि वॉरंटीची पानं आहेत, स्क्रू तपासा हे एक वाक्य नाही, पकडीबद्दल काही नाही, छर्ऱ्याच्या वजनाबद्दल काही नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे छर्रा घालताना उघडी नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवा, ती सुटली तर बोट जाईल, हे मोठ्या अक्षरात पहिल्या पानावर पाहिजे होतं ते आत कुठेतरी बारीक टायपात आहे. छर्रा न घालता चाप ओढू नका हेही तिथेच, पिस्टन मोकळा आदळून खराब होतो.

बॅकस्टॉपसाठी जाड खोक्यात जुनी रद्दी घट्ट ठासून भरा, मागे भिंत, बाजूला कुणी फिरकणार नाही अशी जागा, डोळ्यावर चष्मा, कारण छर्रा कडक वस्तूवरून उलटा येतो. पाखरांवर रोखायची नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि कायदा नसता तरी रोखायची नाही. छर्रे शिशाचे असतात, मारून झालं की हात साबणाने धुवायचे, तोंडात छर्रे धरायची काही पोरांना सवय असते ती पहिल्या दिवशी मोडा.

घ्यावी का? घ्या. फक्त दुकानात 'कॉम्बो सेट' नको म्हणा, नुसती रायफल मागा, वाचलेल्या पैशात दोन-तीन प्रकारच्या चांगल्या छर्ऱ्यांचे डबे घ्या आणि पहिले काही महिने ओपन साइटवरच मारा. स्कोप हवाच असेल तर नंतर एअर रायफलसाठीचा आणि एकसंध माउंटसकट घ्या. आमच्याकडच्या दुकानदाराने सेट फोडून द्यायला आधी कुरकुर केली, मग दिला.